सहा जणांचं गाणं: ‘ऑन वेनलॉक एज’ कसं ऐकावं

इंग्लिश संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्सच्या ‘ऑन वेनलॉक एज’मध्ये गाणारा एकच आहे, टेनर. वाजवणारे पाच: दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो आणि पियानो. ए. ई. हाउसमनच्या सहा कविता आणि सगळं मिळून साधारण बावीस मिनिटांचं संगीत. १५ नोव्हेंबर १९०९ रोजी लंडनच्या एओलियन हॉलमध्ये ते पहिल्यांदा सादर झालं. तोवर इंग्लिश कलागीत म्हणजे गळा आणि पियानो अशीच सर्वसाधारण जोडी असे. स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे ही चार तारवाद्यं, हा वेगळा संसार, त्याचे श्रोतेही वेगळे. व्हॉन विल्यम्सने दोन्ही एका खोलीत आणले.

आपला मराठी कान भावगीतावर वाढलेला आहे. यशवंत देवांनी ज्याला ‘शब्दप्रधान गायकी’ म्हटलं, ती आपल्या अंगात इतकी मुरलेली आहे की गाणं लागलं की आधी शब्द पकडायचे आणि वाद्यं ‘मागे’ आहेत असं धरून चालायचं, हे आपण न ठरवताही करतो. इथे तसं केलं तर निम्मं संगीत हातचं जातं. या सहा गाण्यांत वाद्यं साथीला बसलेली नाहीत. पेटीवाला गायकाच्या मागोमाग जातो, तसं इथे कुणीच कुणाच्या मागे जात नाही. म्हणून पुढची कृती उलट्या क्रमाने लावली आहे: आधी खोली, मग कविता, मग वाद्यं, आणि गळा सगळ्यांत शेवटी. आठवडाभरात सवडीने करावी. एका बैठकीत सगळं उरकू नये.

साहित्य

एक ध्वनिमुद्रण (शक्य असल्यास दोन, एक नवं आणि एक जुनं). हाउसमनच्या ‘अ श्रॉपशर लॅड’ या १८९६ सालच्या संग्रहातल्या सहा कविता. दोन स्पीकर किंवा बरे हेडफोन. पेन्सिल, कागद. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत नसेल तरी काही अडत नाही.

१. ध्वनिमुद्रण निवडा

आधी वेष्टनावरची नावं नीट वाचा. टेनर, पियानो आणि स्ट्रिंग क्वार्टेट अशी यादी हवी. व्हॉन विल्यम्सने पुढे याच गाण्यांचं ऑर्केस्ट्रासाठी रूपांतर केलं आणि त्याचीही ध्वनिमुद्रणं आहेत. ती सुंदर आहेत, पण सुरुवात त्यांनी करू नका. साठ-सत्तर वादकांच्या गर्दीत एकट्या व्हिओलाचा आवाज कुठे शोधणार? आणि या कृतीचा सगळा भर तर एकेक आवाज सुटा करून ऐकण्यावर आहे.

पहिल्या भेटीसाठी मी इयन पार्ट्रिज आणि म्युझिक ग्रुप ऑफ लंडन यांचं नाव सांगेन. पार्ट्रिजचा आवाज हलका, उच्चार स्वच्छ, आणि तो कवितेला कुठेही ढकलत नाही. एड्रियन थॉम्प्सन, डेल्मे क्वार्टेट आणि पियानोवर इयन बर्नसाइड यांच्या हायपेरियनच्या सीडीत त्याच कवीच्या कवितांवर बेतलेली आयव्हर गर्नीची दोन गीतचक्रंही आहेत, त्यामुळे पुढच्या पायऱ्यांना तीच उपयोगी पडते. जेम्स गिलख्रिस्टचं २००७ सालचं लिन कंपनीचं ध्वनिमुद्रणही उत्तम. जुनं हवं तर पीटर पिअर्सने झोरियन क्वार्टेट आणि बेंजामिन ब्रिटन यांच्यासोबत १९४५ साली केलेलं आहे, आणि त्याच्याही आधीचं, १९१७ सालचं, जर्व्हिस एल्वीसचं. त्याची वेळ आठव्या पायरीवर येईल.

२. खोली लावा

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक गाळतात. गाळू नका. दोन स्पीकरमधलं अंतर जेवढं, साधारण तेवढ्याच अंतरावर तुमची खुर्ची हवी, म्हणजे तिघांचा त्रिकोण होईल. स्पीकर भिंतीला चिकटवू नका, नाहीतर चेलो घुमायला लागतो. स्पीकरची उंची बसलेल्या माणसाच्या कानाइतकी ठेवा. जमिनीवर ठेवले असतील तर खाली एखादा भक्कम स्टूल सरकवा.

पंखा बंद करा. आपल्या घरांत छताच्या पंख्याची सवय इतकी झालेली असते की तो वाजतो हेच लक्षात राहत नाही, पण तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीचे अगदी हलके सूर नेमके त्याच्या घरघरीखाली बुडतात. म्हणून वेळ भल्या पहाटेची किंवा रात्री उशिराची धरा. फोनवरून ऐकत असाल तर ॲपमधली सगळ्या गाण्यांचा आवाज एकसारखा करणारी सोय बंद करा. त्यामुळे दोन गाण्यांमधला हलक्या-मोठ्याचा फरक बोथट होतो, आणि हा फरकच या रचनेचा प्राण आहे. गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारं बटणही बंद आहे ना, ते पाहा.

आता आवाजाची पातळी. तिसऱ्या गाण्याची सुरुवात लावा आणि तारवाद्यं जेमतेम ऐकू येतील इतका आवाज ठेवा. मग पाचव्या गाण्याच्या शेवटाकडचा घंटांचा कल्लोळ लावून पाहा. तो कानाला टोचत नसेल, तर बटण तिथेच राहू द्या. पुढच्या बावीस मिनिटांत त्याला हात लावायचा नाही. हलकं आलं की आवाज वाढवायचा आणि मोठं आलं की कमी करायचा, असं करत राहिलात तर सहा जणांनी मेहनतीने राखलेलं अंतर तुम्हीच पुसून टाकाल.

३. कविता आधी वाचा, मोठ्याने

‘अ श्रॉपशर लॅड’मध्ये ६३ कविता आहेत. व्हॉन विल्यम्सने घेतलेल्या सहांचे संग्रहातले क्रमांक, गाण्यांच्या क्रमाने, असे: ३१, ३२, २७, १८, २१, ५०. कविता साध्या आहेत. छोट्या ओळी, लोकगीतासारखं वळण, शाळकरी इंग्रजीलाही पेलतील असे बहुतेक शब्द. मोठ्याने वाचा, कारण पुढे संगीतकाराने कुठे थांबा घेतला आणि कुठे ओळ ताणली हे कळायला तुमच्या जिभेला त्या ओळीची मूळ चाल ठाऊक हवी.

नकाशा जवळ असला तर पाच मिनिटं तोही बघा. वेनलॉक एज ही इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेजवळच्या श्रॉपशर परगण्यातली झाडीने भरलेली चुनखडीची लांबच लांब कड आहे. तिच्या उत्तरेला रेकिन नावाची टेकडी. जवळच, सेव्हर्न नदीकाठी, आजच्या रॉक्सेटर गावापाशी विरोकोनियम या रोमन शहराचे अवशेष आहेत. कवी त्याला युरिकॉन म्हणतो. पहिल्या गाण्यात कड्यावरचं रान वाऱ्याने झोडपलं जातंय. रोमन लोक होते तेव्हाही हाच वारा होता, तेव्हाच्या माणसाच्या जिवातही हीच वादळं होती; आज तो माणूस राख होऊन मातीखाली आहे. एवढाच आशय.

हाउसमन स्वतः श्रॉपशरचा नव्हता, हे इथे सांगायला हवं. तो १८५९ साली शेजारच्या वुस्टरशरमध्ये जन्मला. पेटंट कचेरीत कारकुनी केली, पुढे लंडनला आणि मग केंब्रिजला लॅटिनचा प्राध्यापक झाला. श्रॉपशरच्या टेकड्या त्याला लहानपणी पश्चिमेच्या क्षितिजावर दिसायच्या. ज्या मुलखाचं तो इतकं दुःख करतो, तो त्याने बऱ्याच अंशी दुरून रचलेला आहे. संगीत ऐकताना हे ध्यानात असू द्या. या गाण्यांतलं निसर्गचित्र कधीच पायाखालचं वाटत नाही, नेहमी थोडं लांबचं वाटतं, आणि ते तसंच असायला हवं.

४. एकदा सलग ऐका

कागद, पेन्सिल, कविता, सगळं बाजूला. दिवा मंद. बावीस मिनिटं काही न करता. शब्द कळले नाहीत तर नाही कळले. एकच गोष्ट टिपा, तीही मनात: कुठल्या क्षणी तुम्ही गाणाऱ्याला विसरून दुसरंच काही ऐकत होतात?

५. गळा सोडून ऐका

दुसऱ्या दिवशी फक्त पहिलं गाणं, चार वेळा.

पहिल्या खेपेला चेलो. बहुतेक नव्या ध्वनिमुद्रणांत तो उजवीकडे असतो आणि पहिलं व्हायोलिन डावीकडे. सापडत नसेल तर हेडफोन लावून डावा कान काढून ठेवा. उजव्या बाजूचे खालचे सूर आपोआप वर येतात. दुसऱ्या खेपेला डावा कान लावा आणि पहिल्या व्हायोलिनमागे जा. तिसऱ्या खेपेला पियानो. चौथी खेप व्हिओलाची, आणि ती सगळ्यांत अवघड, कारण व्हिओला मधोमध असते आणि तिचा पल्ला नेमका गाणाऱ्याच्या आवाजाच्या शेजारी येतो. ती हाती लागली की समजा कान तयार झाला.

या खेपांत एक गोष्ट जवळून पाहा. गाणं सुरू होतं ते थरथराटाने. गज तारेवर एका जागी झरझर पुढे-मागे हलवून सूर सुटासुटा होईपर्यंत विस्कटायचा, ही तारवाद्यांची जुनी युक्ती. चारही जण ती करतात तेव्हा सूर आणि खरखर यांची सीमा पुसली जाते. चांगल्या ध्वनिमुद्रणात गजाच्या केसांचा तारेवर घासल्याचा आवाजही त्यात येतो. तो दोष मानू नका. वाऱ्याने पाचोळा उडतो तेव्हा ऐकू येतं ते याहून वेगळं नसतं. पियानो त्या थरथराटातून धावतो, आणि गळ्याला जी चाल दिली आहे ती मात्र साधी, गावठी वळणाची. झाडं पिळवटत असताना माणूस सरळ उभा आहे, असं काहीतरी. शेवटच्या कडव्यात वादळ ओसरतं आणि सगळे हळूहळू खाली उतरतात. तिथे गाणारा आवाज किती कमी करतो आणि वाद्यं त्याच्याही खाली जाऊ शकतात का, ते पाहा. काही ध्वनिमुद्रणांत गळा मायक्रोफोनच्या फारच जवळ असतो, आणि मग हा उतार गाणाऱ्यापुरताच होतो. वाद्यं आधीच लांब असतात.

व्हॉन विल्यम्सला हे रंग कुठून आले, याचं एक उत्तर पॅरिसमध्ये आहे. १९०७-०८च्या हिवाळ्यात, पस्तिशीत असताना, तो काही महिने मॉरिस राव्हेलकडे शिकायला गेला. राव्हेल त्याच्याहून तीनेक वर्षांनी लहान होता. परतल्यावर वर्ष-दीड वर्षात ही गाणी आली. इंग्लिश लोकगीतांचा तो आधीपासून गावोगाव हिंडून संग्रह करत होताच. त्या चाली आणि फ्रेंच रंगकाम इथे एकमेकांना भेटले.

दुसरं गाणं लगेच जोडून ऐका. छोटं आहे. पियानो एकेक स्वरगुच्छ खालून वर उलगडत ठेवतो आणि तारवाद्यं गप्प बसतात. ती केव्हा आत येतात तो क्षण पकडा, एवढंच.

६. तिसऱ्या गाण्यापाशी थांबा

ही बैठक स्वतंत्र ठेवा. क्रमांक २७ची कविता म्हणजे एक संवाद. मेलेला तरुण विचारतो, जिवंत मित्र उत्तर देतो. माझी नांगराची जोडी अजून चालते का? चालते. माझी प्रेयसी रडून रडून थकली का? नाही, ती सुखाने झोपते. शेवटी तो मित्राचीच खुशाली विचारतो, आणि त्या उत्तरात सगळं उघड होतं: मित्र कुणाच्या प्रेयसीशेजारी झोपतो, ते विचारू नकोस.

कृती अशी. कागदावर मध्ये एक उभी रेघ मारा. डावीकडे ‘मेलेला’, उजवीकडे ‘जिवंत’. गाणं लावा आणि प्रत्येक कडव्याला कोण वाजवतं ते त्या त्या बाजूला लिहा. लगेच दिसेल की मेलेल्याच्या प्रश्नांना तारवाद्यं आहेत, घोडीवर आवाज दबवणारं म्यूट लावलेली, जवळजवळ न हलणारी. आणि जिवंत माणूस बोलू लागला की पियानो आत येतो, अस्वस्थ, तीन-तीन ठोक्यांच्या धडधडीत. गाणारा एकच, पण तो दोन ठिकाणी उभा राहून गातो. प्रश्नांसाठी संगीतकाराने सूचना लिहून ठेवली आहे की आवाज लांबून आल्यासारखा यावा. आता गाणारा हे ‘लांब’ कशाने करतो ते पाहा. काही जण नुसता आवाज कमी करतात. चांगले गायक आवाजातला कंप काढून घेतात, श्वासाचा आधार राखून सूर कोरडा ठेवतात. आवाज कमी करणं सोपं. रक्त काढून घेणं अवघड.

शेवटच्या उत्तरात गळा आणि वाद्यं दोन्ही चढतात. तिथे थोडं मागे या आणि पुन्हा ऐका: तो ओरडतो आहे तो रागाने, की अपराधाने? मला तरी ते भीतीने ओरडल्यासारखं वाटतं, आणि ज्या ध्वनिमुद्रणात गायक तिथे फक्त जोर दाखवतो ते मला पटत नाही.

आता कविता पुन्हा हातात घ्या आणि मोजा. कवितेत आठ कडवी आहेत, गाण्यात सहा. फुटबॉलची दोन कडवी संगीतकाराने गाळली. हाउसमनला ते फार लागलं. आपल्या कवितांना चाली लावायला तो सहसा ना म्हणत नसे, पण ओळी कापलेल्या त्याला खपत नसत. मी त्याच्या संगीताचे दोन तुकडे उडवले तर त्याला कसं वाटेल, अशा अर्थाचं त्याने प्रकाशकाला लिहिलं. व्हॉन विल्यम्सचं म्हणणं असं की कवितेचा अर्थ बिघडत नसेल तर हवा तेवढा भाग घेण्याचा संगीतकाराला हक्क आहे. आणि त्या ओळी विस्मरणात गेल्या तर कवीने उलट आनंदच मानावा.

तुम्ही दोन्ही बाजू तपासू शकता, म्हणून ही चाचणी करा. जॉर्ज बटरवर्थने १९११ साली प्रसिद्ध केलेल्या सहा गाण्यांत हीच कविता आहे, बॅरिटोन आणि पियानोसाठी, आठही कडव्यांसह. ते गाणं लावा. तिथे फुटबॉलची कडवी येतात आणि त्यांचा उपयोग कळतो: नांगर, खेळ, प्रेयसी, मित्र अशी ती पावलं आहेत, आणि खेळाच्या हलकेपणामुळे पुढचा घाव अनपेक्षित होतो. बटरवर्थचा पियानो साधा आहे, म्हणून ती सगळी पावलं तो पेलू शकतो. व्हॉन विल्यम्सचा क्वार्टेट पहिल्याच प्रश्नाला इतकं गोठवून ठेवतो की तिथे फुटबॉलला जागाच राहत नाही. माझ्या मते त्याने कापलं ते बरोबर केलं आणि हाउसमन चिडला तेही बरोबर. बटरवर्थ ५ ऑगस्ट १९१६ रोजी सोमच्या लढाईत, पोझिएर गावाजवळ मारला गेला, वय ३१. त्यानंतर हे गाणं ऐकणाऱ्यांना मेलेल्याचा आवाज कुणाचा वाटत असेल, ते वेगळं सांगायला नको.

चौथं गाणं मिनिटभराचंही नाही. हसत येतं, निघून जातं. त्याला तेवढंच लक्ष द्या. तिसऱ्या आणि पाचव्याच्या मध्ये श्वास घ्यायला ते ठेवलं आहे.

७. ‘ब्रीडन हिल’: घंटा मोजा

हे पाचवं आणि सगळ्यांत लांब गाणं. यासाठी घड्याळ नको, बोटं पुरे. कवितेत सात कडवी. उन्हाळ्यातली रविवारची सकाळ, टेकडीवर एक जोडपं आडवं पडलंय, खालच्या गावांतल्या चर्चच्या घंटा ऐकू येताहेत. घंटा बोलावतात, ती दोघं जात नाहीत. पुढे हिवाळा येतो, बर्फ पडतं, आणि ती एकटीच चर्चला जाते. तेव्हा एकच घंटा वाजते, कारण ती अंत्यविधीची असते.

पहिल्यांदा फक्त सुरुवात ऐका, गळा आत येईपर्यंत. तारवाद्यं आणि पियानो लांबलचक स्वरगुच्छ धरून ठेवतात. काही घडत नाही. उन्हाची धाप म्हणावी तसं आहे ते. नवख्या कानाला इथे पुढे जावंसं वाटतं, जाऊ नका. ध्वनिमुद्रण कुठल्या जागेत झालं हेही इथेच सगळ्यांत चांगलं कळतं. सूर थांबल्यावर तो किती वेळ हवेत राहतो, ते ऐका. जागा दगडी आणि उंच असेल तर तो रेंगाळतो, गाद्या-पडद्यांच्या खोलीत पटकन मरतो. घंटांच्या गाण्याला थोडं रेंगाळणं हवंच, पण फार झालं तर शब्द एकमेकांत मिसळतात. हे गणित ध्वनिमुद्रण करणाऱ्याने कसं सोडवलं आहे, त्यावरून त्या अख्ख्या सीडीचं काम पारखता येतं.

दुसऱ्यांदा, घंटा कोण वाजवतं त्याची नोंद करा. तिसऱ्यांदा फक्त हिवाळ्याच्या कडव्यापासून लावा. सगळा भरणा गळून पडतो आणि एकच सूर ठरावीक अंतराने पडत राहतो. आधीच्या अनेक घंटांच्या जागी ही एक घंटा संगीतकार नुसती ऐकवत नाही, तिच्याभोवतीची मोकळी जागाही ऐकवतो. मग पुन्हा घंटांचा कल्लोळ उठतो, गाणारा त्यांना गप्प बसायला सांगतो, आणि त्यानंतर जे येतं ते किती हळू गायलं जातं यावर सगळं अवलंबून. खोली लावताना आवाजाचं बटण जिथे ठेवलंत, ते या जागेसाठी होतं.

८. आता १९१७ सालचं ध्वनिमुद्रण लावा

जर्व्हिस एल्वीस हाच १९०९ सालच्या पहिल्या प्रयोगाचा गायक, आणि पियानोवर तेव्हाचाच फ्रेडरिक किडल. १९१७ साली त्यांनी लंडन स्ट्रिंग क्वार्टेटसोबत हे गीतचक्र कोलंबिया कंपनीसाठी मुद्रित केलं. मायक्रोफोन अजून ध्वनिमुद्रणात आलेला नव्हता. विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५च्या सुमाराचं. तोवर वादक आणि गायक एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसत. कर्ण्यात शिरलेला आवाज सुईला हलवी आणि सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरी. खालचे आणि फार वरचे सूर त्या रेघेत उमटत नसत. तबकडीच्या एका बाजूला चारेक मिनिटं. दुरुस्ती करायची सोय नाही. चुकलं की तबकडी फेकून पहिल्यापासून.

हे ऐकण्याची रीत वेगळी. पहिल्यांदा फक्त खरखर ऐका, अर्धा मिनिट, म्हणजे कान तिला बाजूला सारतो. चेलो आणि पियानोची डावी बाजू शोधू नका, सापडणार नाहीत. थरथराट इथे पातळ येतो. पण गळा? तो जवळ, उबदार, एखाद्या सभ्य माणसाने शेजारी बसून सांगावं तसा. एल्वीस आज आपण ज्याला नाट्य म्हणतो ते फारसं करत नाही. त्याच्या उच्चारात शब्द आणि सूर यांच्यात फट दिसत नाही. तिसरं गाणं १९१७ सालच्या इंग्लंडात, घरोघरी महायुद्धातल्या मृत्यूच्या तारा येत असताना, तो गातो आहे. व्हॉन विल्यम्सने तोवर स्वतः लष्कराच्या वैद्यकीय पथकात भरती होऊन रुग्णवाहिकेवर काम केलं होतं. एल्वीसचा १९२१ साली अमेरिकेत बॉस्टनच्या स्थानकावर रेल्वेखाली सापडून मृत्यू झाला. त्याच्या स्मरणार्थ मित्रांनी सुरू केलेल्या निधीतून ब्रिटनमधली गरजू संगीतकारांना मदत करणारी मोठी संस्था उभी राहिली.

स्वतः हाउसमनला हे संगीत तबकडीवर ऐकवलं गेलं होतं. पर्सी विदर्स या त्याच्या मित्राने आपल्या घरी ‘ऑन वेनलॉक एज’ लावलं, आणि कवीचा चेहरा इतका त्रासलेला झाला की तो खुर्चीतून उठून जातो की काय असं मित्राला वाटलं. आपली चाल आधीच कानात घेऊन बसलेल्या माणसाला दुसऱ्याची चाल अशीच लागते. आपणही तिसऱ्या पायरीवर कविता मोठ्याने वाचली ती यासाठीही. कुठेतरी आपल्यालाही थोडं टोचायला हवं.

९. शेवटी गळा

आता सहावं गाणं, ‘क्लन’. ते मुद्दाम शिल्लक ठेवलं होतं. क्लन हे श्रॉपशरच्या नैऋत्य कोपऱ्यातलं छोटं गाव. कवितेतला माणूस तिथून निघून लंडनला आलेला आहे आणि ओझं कुठे उतरवता येईल त्याचा विचार करतो आहे. एव्हाना पाचही वाद्यांचे आवाज तुम्हाला वेगळे ओळखू येत असतील. त्यामुळे या गाण्यात पहिल्यांदाच गाणाऱ्याकडे पूर्ण लक्ष द्या: श्वास कुठे घेतो, कुठल्या व्यंजनावर टेकतो, नद्या आणि गावांची नावं कशी उच्चारतो. गाणाऱ्याचं सांगून झालं की शेवटचा भाग वाद्यांचा आहे. तो विरेपर्यंत थांबा, पुढचं गाणं आपोआप सुरू होऊ देऊ नका.

दुसऱ्या दिवशी सहाही सलग, पहिल्या दिवसासारखी.

१०. पुढे कुठे जायचं

आधी आयव्हर गर्नीचं ‘लडलो अँड टीम’. तोच कवी, तेच सहा जण. गर्नी पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या माऱ्यात सापडला होता, युद्धानंतर व्हॉन विल्यम्सकडे शिकला, आणि १९२२पासून १९३७ साली मरेपर्यंत मनोरुग्णालयात होता. त्याचं लेखन अधिक सैल, अधिक उतावळं. वाद्यं एकमेकांच्या वाटेत येतात. व्हॉन विल्यम्सची शिस्त कानात ताजी असतानाच ते ऐका, म्हणजे गर्नी कुठे मुद्दाम सुटतो आणि कुठे त्याच्या हातून सुटतं, यातला फरक लागेल. त्याच्याच ‘द वेस्टर्न प्लेलँड’मध्ये नांगराची कविता तिसऱ्या चालीत मिळेल, रेघ मारलेला कागद पुन्हा काढा.

त्यानंतर पीटर वॉरलॉकचं ‘द कर्ल्यू’, आयरिश कवी येट्सच्या कवितांवरचं. इथे पियानो नाही. टेनर आणि क्वार्टेटच्या जोडीला बासरी आणि कॉर अँग्ले, म्हणजे ओबोच्या कुळातलं खालच्या पट्टीचं फुंकवाद्य. सुरुवातच एकट्या कॉर अँग्लेने होते. हे काम फार काळोखी आहे, सलग ऐकणं जड जातं, म्हणून ते वेगळ्या आठवड्यासाठी ठेवा. आणि तेव्हाही पहिल्या खेपेला शब्द हातात घेऊ नका.